ताईने घासलेले दगड

१२ जानेवारी

चि. भिंग्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नवीन वर्ष लागलं तरी तुझं एक अक्षर नाही. लोकांचे सूक्ष्मदर्शक दुरुस्त करता करता तुला जगातलं बारीकसारीक सगळं दिसतं, फक्त एवढी थोरली बहीण तेवढी दिसत नाही. फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघं भांडतो आणि पत्रात शहाण्यासारखं वागतो, हे आईने फार पूर्वीच ओळखलं होतं. म्हणून लिहिते. वाचलंस की लगेच उत्तर पाठव, कारण मी घाबरले आहे.

आपल्या लाँड्रीच्या मागे, कपडे वाळत घालायच्या अंगणापलीकडे उतार आहे, तो तुला आठवत असेल. त्या उताराच्या तळाशी गेली काही वर्षं एक बागवाला रोपं तयार करून विकतो. मागच्या महिन्यात तो दुकानात आला, पिवळं पडलेलं एक रोप कुंडीसकट माझ्या काउंटरवर ठेवलं आणि बघून घ्या, एवढंच म्हणून निघून गेला. भांडला असता तर मी दोन हात केले असते. तो गेल्यावर मी मागच्या चराच्या कडेने खाली उतरून पाहिलं. आपलं धुण्याचं पाणी चरातून उतरतं ते थेट त्याच्या वाफ्यांत जातं. इतकी वर्षं मी लोकांचे डाग काढते आहे, पण काढलेला डाग पुढे कुठे जातो, हे बघायला मी कधी त्या चराच्या टोकापर्यंत गेलेच नव्हते.

त्याने कचेरीत अर्ज दिला आणि कचेरीचं पत्र मला आलं. मार्चअखेर त्यांचा माणूस बाटली घेऊन येणार. पाणी ठीक नसलं तर लाँड्रीचा परवाना रद्द. आईने उभं केलेलं दुकान माझ्या हातून बंद पडणार, असं दिसतं.

तुझ्या लाडक्या भाचीने यावर एक उपाय काढला आहे. चिऊ म्हणते, पाणी झाडांकडून धुऊन घ्यायचं! अंगणाच्या टोकाला तिने लांबट खड्डा खणला, तळाला जाड प्लास्टिक अंथरलं, वर खडी आणि गोटे भरले आणि त्यात कर्दळ आणि लव्हाळी लावली. आपलं पाणी एका टोकाने आत शिरेल, दगडांमधून हळूहळू सरकेल आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेल. शिवाय दुकानात ब्लीच बंद. पांढरे कपडे उन्हात टाकायचे. हॉटेलवाला आत्ताच कुरकुर करतो आहे, चादरी डोळे दिपवत नाहीत म्हणून. मी पोरीला सांगून टाकलं आहे, तुझ्या कर्दळीने साबण प्यायला तर मी माझे कान पकडीन.

तब्येतीला जप. जेवणाच्या वेळा पाळ. उत्तराची वाट बघते आहे, हे लक्षात असू दे.

तुझी,
ताई

•

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी माझं ऐक, घाबरू नकोस. तुझ्या हाताखालून सुटलेला डाग मी अजून पाहिलेला नाही. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढला तेव्हा फोटोवाल्याच्या बाहीवर तुला शाईचा ठिपका दिसला आणि तू रांगेतून उठून तो पुसायला गेलीस. त्या फोटोत आई आहे, मी आहे, कडेवरची चिऊ आहे आणि मध्ये एक रिकामी खुर्ची आहे. तो फोटो माझ्या टेबलासमोर आहे. रोज बघतो आणि रोज हसतो.

पण कर्दळीचं मला पटत नाही. झाड पाणी पिईल, कबूल. साबण आणि मळ का पिईल? चिऊ हुशार आहे, पण या वयात सगळ्यांनाच जग एका खड्ड्यात सुधारता येईल असं वाटतं. मला तरी कुठे वेगळं वाटत होतं? हे दुकान थाटलं तेव्हा वाटलं होतं, आता कोणी एकही यंत्र फेकून देणार नाही. आता गिऱ्हाईक विचारतं की दुरुस्त करण्यापेक्षा नवीनच का घेऊ नये. मी भिंग पुसतो, स्क्रू पिळतो आणि त्यांना त्यांच्याच जुन्या यंत्रातून मिठाचा एक दाणा दाखवतो. बहुतेक जण मग यंत्र घेऊन घरी जातात.

तरीही तू चिऊचं ऐक. निदान पाहू तरी दे तिला. आणि त्या पाण्यात काही विचित्र दिसलं, तर बाटलीत भरून मला पाठव. भिंगांना माझ्याकडे तोटा नाही. दुकान आईचं होतं खरं, पण आता ते तुझं आहे, आणि ते बंद पडलेलं मलाही बघवणार नाही.

इस्त्रीवाल्या काकूंना नमस्कार. तुझा राग आहे तेवढाच राहू दे, माया मात्र वाढव.

तुझा,
भिंग्या

•

१८ फेब्रुवारी

चि. भिंग्या,
अनेक आशीर्वाद.

मी कान पकडले. दोन्ही. चिऊसमोर.

अरे, पाणी स्वच्छ येतंय! सुरुवातीचे काही आठवडे काहीच झालं नाही. गढूळ आत, गढूळ बाहेर. मी चिऊला ऐकवायची एकही संधी सोडली नाही. मग एके सकाळी काकू बादली घेऊन तिकडे गेल्या आणि तिथूनच मला हाका मारू लागल्या. जाऊन बघते तर त्या टोकाच्या नळीतून पाणी ठिबकत होतं, आणि नळीखालच्या फरशीवरची रेघ न् रेघ त्यातून दिसत होती. मी धावत जाऊन काचेचा ग्लास आणला. इकडच्या टोकाला तेच पाणी राखेच्या रंगाचं आत जात होतं. आत राखाडी, बाहेर काचेसारखं, आणि मध्ये नुसते दगड आणि चार झाडं. ना मोटर, ना पावडर, ना कुणाचे कष्ट. भिंग्या, कपडे धुण्यात हयात घालवलेल्या बाईला विचार, घाण काढायला किती हात दुखतात ते. मी त्या ग्लासाकडे बघत उभीच राहिले. काकू म्हणाल्या की बाई, तुमचं तोंड उघडं आहे.

दुसऱ्या दिवशी तिथे एक बेडूक येऊन बसला. त्याला कोणी सांगितलं असेल?

आता एकच भानगड आहे. दगडांवर काहीतरी बुळबुळीत धरलं आहे. मातकट, हिरवट, बोट लावलं की अंगावर काटा येतो. वासही येतो, ओल्या पायपुसण्यासारखा. एवढं स्वच्छ पाणी देणारी जागा आणि आतून ही घाण! तपासणीला आलेला माणूस आधी दगड बघणार, मग पाणी. लाँड्रीच्या अंगणात असं बुळबुळीत ठेवलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. चिऊ प्रशिक्षणासाठी आठवडाभर बाहेरगावी गेली आहे. ती यायच्या आत मी आणि काकू सगळं नीट करून ठेवणार आहोत. पोरीने एवढं केलं, तिला तेवढाच हातभार.

पडदे पोहोचवायला ट्रकवाला तुझ्याच गावी येतो आहे. त्याच्याकडे बरणी दिली आहे. त्यात नळीजवळचा एक दगड आहे, त्या बुळबुळीसकट. रोगट काही नाही ना, एवढं बघून कळव. बरणी परत दे, लोणच्याची आहे.

आशीर्वाद आहेतच, त्यात आजचा आनंदही घाल.

तुझी,
ताई

•

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच, बाकीचं नंतर. दगडांना हात लावू नकोस. घासू नकोस, धुऊ नकोस, त्यांच्यावर गरम पाणी टाकू नकोस. आपला नियम मोडून मी दुपारभर दुकानात फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पडदे पोहोचवून ट्रकवाला आजच परत निघाला आहे, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतो.

आता सांगतो. तुझी बरणी आली तेव्हा माझ्या टेबलावर शाळेचा सूक्ष्मदर्शक होता, नुकताच जोडलेला. त्याची परीक्षा घ्यायला काहीतरी हवंच होतं. दगडावरची साय सुईच्या टोकाने खरवडली, थेंबभर पाण्यात सोडली, काचपट्टी सरकवली आणि डोळा लावला. ताई, मी या धंद्यात केस पांढरे केले. लोकांनी दाखवायला आणलेलं काय काय पाहिलं. पण त्या थेंबात मी जे पाहिलं, त्याने माझा हात स्क्रूवरून खाली आला तो पुन्हा वर गेलाच नाही.

तिथे गाव आहे. बारीक देठांवर उभ्या काचेच्या घंटा, झुडपासारख्या दाटीने. प्रत्येक घंटेच्या तोंडाशी पाणी गरगर फिरतं आणि मळाचा कण त्यात ओढला जातो. मी टेबलाला जरा धक्का दिला तर सगळ्यांनी एकदम देठ आखडून खाली बुड्या मारल्या, आणि क्षणाने एकेक करत, अंदाज घेत, पुन्हा वर आल्या. त्यांच्यामधून एक पारदर्शक प्राणी चालत गेला. त्याच्या डोक्यावर दोन चक्रं फिरत होती, आणि पोटात गेलेलं अन्न मला बाहेरून दिसत होतं. या सगळ्यांच्या खाली, मागे, सगळीकडे, मोजायचा विचारही मनात येऊ नये इतके हलते ठिपके.

शाळेच्या विज्ञानाच्या बाई यंत्र न्यायला आल्या होत्या. त्यांना बघायला सांगितलं. त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या की तुमच्या बहिणीचं पाणी कर्दळ धूत नाही, हे धुतात. ठिपके साबण आणि मळ खातात, घंटा आणि चक्रवाले उरलंसुरलं टिपतात. झाडं त्यांना मुळाशी आसरा देतात, एवढंच. त्यांचा हा थर दगडावर बसायला आठवडे लागतात. तुझं पाणी सुरुवातीला गढूळ का येत होतं ते कळलं ना? हे लोक तेव्हा राहायला येत होते.

ताई, बिनपगारी, बिनसुट्टीचे एवढे धोबी तुझ्या अंगणात रात्रंदिवस खपताहेत आणि तू त्यांना रोगट म्हणतेस! जगातलं किती पाणी, किती माती अशी कोणीतरी न दिसणाऱ्याने साफ केलेली असेल, याचा विचार करत मी आज जेवायचं विसरलो. हातात दुर्बीण दिली की लोक आकाशाकडे बघतात. मला आता बादलीत बघावंसं वाटतं.

दगडांकडे नुसतं बघ. हात मागे बांधून. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंग्या

•

२६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे.

तुझं पत्र पोहोचलं, पण उशीर झाला होता. तू फोन करत होतास तेव्हा आई आणि काकू अंगणातच होत्या. आईने एकेक गोटा बाहेर काढून ब्रशने घासला, उकळत्या पाण्यातून काढला, आणि कपाटात उरलेलं ब्लीच कशाला वाया घालवा म्हणून तेही त्यावर ओतलं. मी परत आले तर मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. मामा, दगड असे चमकत होते की दागिन्यांच्या दुकानात मांडावेत. तिचा चेहराही तसाच चमकत होता.

त्याच संध्याकाळी नळीतून राखाडी पाणी यायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुर्गंधी. बेडूक निघून गेला. मग ट्रकवाल्याने तुझं पत्र आणून दिलं. आईने ते उभ्याउभ्या वाचलं आणि धुण्याच्या दगडावर बसली. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली की परवान्याचं जाऊ दे, पण त्या घंटांनी मला काय केलं होतं? तेव्हापासून ती अंगणाकडे फिरकत नाही. तपासणीची वाट बघण्यापेक्षा दुकान आपणच बंद केलेलं बरं, असं काल काकूंना सांगत होती. आजीच्या वेळची पाटी उतरवायला तिने शिडीसुद्धा काढून ठेवली आहे.

महिना हातात आहे. एवढ्यात नव्याने थर बसेल की नाही, मला माहीत नाही. म्हणून एकच विचारते. आईने पाठवलेला तो दगड तू फेकून तर दिला नाहीस ना? तो अजून जिवंत आहे का?

तुझी,
चिऊ

•

१ मार्च

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

फेकून? तुझ्या आईच्या बरणीतला दगड? खिडकीत ठेवला आहे, झाकण सैल करून. रोज माझा शर्ट बुचकळलेलं थोडं पाणी त्यांना घालतो. माझे शर्ट इतके वेळेवर कधीच धुतले गेले नव्हते. आज सकाळी पुन्हा पाहिलं. घंटा डोलताहेत, चक्रवाल्यांचा कुटुंबकबिला वाढला आहे.

ट्रकवाल्याकडे बरणी परत पाठवतो आहे. त्याला बजावलं आहे की मागे मालात टाकायची नाही, शेजारच्या सीटवर ठेवायची आणि झाकण घट्ट करायचं नाही. त्याने मला विचारलं की आत मासा आहे का. मी म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी आहे.

हा दगड नळीजवळ नाही, पाणी आत शिरतं तिथे ठेव. दुधाला विरजण लावतो तसं समज. पण एवढ्या मोठ्या भांड्याला एवढंसं विरजण पुरायचं नाही. म्हणून लाँड्रीच्या वरच्या अंगाला जो ओढा आहे, तिथले बुळबुळीत गोटे टोपलीभर आण आणि मध्ये मध्ये पेर. बाई म्हणतात, तिथेही याच जातीची वस्ती असते. ब्लीचचा थेंबही उरला असेल तर आधी चांगलं पाणी भरपूर सोडून तो काढून टाक.

आणि आईला माझा निरोप दे. या जिवांना राग धरता येत नाही, ते फक्त पुन्हा कामाला लागतात. बरणी तिच्याच हातात दे. दगड तिनेच ठेवायचा. शिडी मात्र तू लपव.

तुझा,
मामा

•

९ एप्रिल

चि. भिंग्या,
अनेक अनेक आशीर्वाद.

चिऊने तुला फोनवर अर्धं सांगितलं आहे, हे मला माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडून ऐक.

बरणी आली त्या दिवशी मी तो दगड उचलायला तयार नव्हते. माझ्या हाताला ब्लीचचा वास येतो असं मला वाटत होतं. चिऊने माझे हात तीन वेळा साध्या पाण्याने धुतले, लहानपणी मी तिचे धूत होते तसे. मग मी दगड ठेवला. ओढ्यातले गोटे काकूंनी आणि मी मिळून आणले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाजारातून भाजी निवडावी तशी घाण निवडत होते. हा जास्त बुळबुळीत, हा घ्या.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पाणी राखाडीच. चिऊने सगळे ब्रश कुलपात टाकले होते. मी रोज सकाळी दगडांपाशी स्टूल टाकून बसायची, हात पदरात गुंडाळून. हे शिकायला मला सगळ्यात जड गेलं. डाग दिसला की हात पुढे जातो, आईने तसंच घडवलं आपल्याला. मग एकदा राहवलं नाही म्हणून पांढऱ्या गोट्यावर एक बोट टेकवलं. बोट घसरलं. जरासंच. भिंग्या, ज्या बुळबुळीने अंगावर काटा यायचा, तिने डोळ्यांत पाणी आलं. मी काकूंना हाक मारली, त्यांनीही बोट घसरवून पाहिलं. आम्ही दोघी तिथे लहान मुलींसारख्या हसत होतो. माझ्या बोटाखाली एक गाव वसतं आहे, आणि मी त्यातलं काहीच बघू शकत नाही, तरी ते आहे. अजूनही हे मनात आलं की मी कपडे पिळता पिळता थांबते.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात पाणी निवळलं. कचेरीचा माणूस आला, बाटली भरली, उजेडात धरली आणि निघून गेला. दगडांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एवढ्यासाठी मी सगळं घासलं होतं! काल कचेरीचं पत्र आलं. पाणी ठीक, परवाना चालू. शिडी माळ्यावर गेली. हॉटेलवाला मात्र गेला दुसरीकडे. जाऊ दे. उन्हाने येतो तेवढाच पांढरा रंग माझ्याकडे मिळेल.

पण खरी गोष्ट आज सकाळची. त्या पिवळ्या रोपाला मी आपलंच निवळलेलं पाणी घालत होते, त्याला दोन हिरवी पानं फुटली आहेत. ते काउंटरवर होतं आणि बागवाला आत आला. रोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो मागच्या दाराने सरळ अंगणात गेला. मी मागोमाग. नळीपाशी वाकला, ओंजळ भरली, वास घेतला. मग बाहेर जाऊन पाणी घालायची झारी घेऊन आला आणि नळीखाली धरली. धार बारीक आहे, झारी भरायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघं त्या धारेकडे बघत उभे होतो. जाताना म्हणाला की उद्यापासून दोन झाऱ्या आणीन, चालेल ना. मी मान डोलावली.

बेडूकही आला आहे. तोच की दुसरा, मला कळत नाही, पण बसायची जागा तीच आहे.

वरच्या कोपऱ्यात कागदावर हिरवट डाग दिसेल. दगड चाचपून हात न धुता लिहायला बसले त्याचा आहे. चिऊ म्हणाली की आई, कागद बदल. नाही बदलला. आपल्या घरातून बाहेर जाणारा हा पहिला डाग असेल. भिंगाखाली धरून बघ, कोणी असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग.

बरणी मी धुतलेली नाही. लोभ असाच धरून राहू दे, घासून काढू नकोस.

तुझी,
ताई